तिसऱ्या मजल्यावरच्या पांढऱ्या पेशी

३ ऑक्टोबर

भिंगोबा,

आशीर्वाद घे आणि खुर्ची घट्ट धरून बस. तुझ्या ताईची मान वळायला लागली आहे!

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ती इतकी आखडली होती की मागून कुणी हाक मारली तर मी अख्खीच्या अख्खी वळायचे, कपाट सरकवावं तशी. मी निवृत्त झाले, पण मान काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. मलम झालं, शेक झाला, तू पाठवलेली ती हवेची उशीही झाली (ती फुटली, तुला सांगायचं राहिलं). शेवटी गेल्या मंगळवारी मी मणकेवाल्यांकडे गेले.

आमच्या मागच्या रस्त्यावर लॉन्ड्रीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते बसतात. लिफ्ट आहे, पण तिच्यावर ‘बंद’ अशी पाटी आहे आणि पाटीवर गंज आहे. माणूस साठीचा, उंच, हात हे एवढे. मला पालथं झोपवलं आणि म्हणाले, “श्वास सोडा.” मी सोडला. कट्ट! मला वाटलं, संपलं, आता भिंगोबाला तार करायला हवी. उठून बसले तर खिडकीबाहेरचं झाड दिसलं. मान वळवून दिसलं रे!

आता खरी बातमी. ते म्हणतात, मणके जागेवर असले की नसांची वाट मोकळी राहते, आणि वाट मोकळी राहिली की अंगातली रोगाशी लढणारी फौज जागी होते. दर मंगळवारी गेलं तर हिवाळाभर साधी शिंकसुद्धा येणार नाही. तेव्हा यंदा तुझी ती फ्लूची सुई मी घेणार नाही. तू दरवर्षी पत्र लिहून माझं डोकं खातोस, यंदा शाई वाचव.

तुझी, मान डोलावणारी,
ताई

११ ऑक्टोबर

ताई,

मान वळली हे वाचून इतका आनंद झाला की प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, “म्हणजे आता त्या नकारार्थीही मान हलवू शकतात?” मी म्हटलं, ते त्यांना आधीपासूनच छान जमतं.

मान सुटली हे मी मानतो. कट्ट करून आखडलेली मान, धरलेली कंबर सुटते, काहींची तर पटकन सुटते. पण मानेतून एकदम फौजेत कुठे शिरलीस? तीस वर्षं मी भिंगातून रक्त पाहतोय. पांढऱ्या पेशी मणक्याच्या हुकमाची वाट बघत रांगेत उभ्या आहेत, असं एकदाही दिसलं नाही.

तू ऐकणार नाहीस, म्हणून पैज लावू. त्याच इमारतीत तळमजल्यावर रक्त तपासणारे बसतात, तिथे माझा जुना सहकारी आहे. येत्या मंगळवारी आधी त्याच्याकडे रक्त दे, मग वर जाऊन कट्ट करून घे, मग खाली येऊन पुन्हा दे. पांढऱ्या पेशी होत्या तेवढ्याच राहिल्या तर तू मुकाट्याने सुई घ्यायचीस. वाढल्या तर मी मिशी काढीन. हो, तीच मिशी. बत्तीस वर्षांची.

आणि सुई पैजेशिवायही घेतलीस तर माझी काही हरकत नाही. वय बासष्ट आहे, बावीस नाही.

तुझा,
भिंगोबा

२४ ऑक्टोबर

भिंगोबा,

वस्तरा काढ.

आधी: सहा हजार चारशे. नंतर: आठ हजार नऊशे. अहवाल सोबत जोडला आहे, शिक्क्यासकट. तुझ्या सहकाऱ्याने डोळे चोळून दोनदा मोजलं.

सगळं अगदी तू सांगितलंस तसंच केलं. खाली रक्त दिलं, तीन मजले चढले, धापा टाकतच टेबलावर पडले. त्या दिवशी मणकेवाल्यांनी मानेबरोबर पाठही मोडली. तीन वेळा कट्ट, तिसऱ्याला मी ओरडले, बाहेर बसलेला एक गृहस्थ उठून घरी गेला. मग घड्याळ पाहिलं तर बाराला पाच कमी! तुझा सहकारी बाराला दार लावतो. मी जी पळत सुटले ती एकेक पायरी गाळत तळमजल्यावर. ह्या वयात! पाठ मोकळी नसती तर जमलं असतं का? सांग.

मणकेवाल्यांना अहवाल दाखवला तर ते लाजले. एवढा मोठा माणूस कानापर्यंत लाल होतो, हे पाहण्यासारखं आहे.

मिशीविना फोटो पाठव. समोरून आणि बाजूने.

विजयी,
ताई

२ नोव्हेंबर

ताई,

हरलो. मणक्यांवर उपचार झाल्यानंतर तुझ्या पांढऱ्या पेशी वाढल्या, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, आकडा अगदी चोख आहे.

पण ह्या आकड्याला काडीची किंमत नाही. तू तीन मजले चढलीस, घाबरलीस, ओरडलीस, पळत उतरलीस आणि धाप लागलेली असताना रक्त दिलंस. धावलेल्या आणि दचकलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढतातच. त्या नवीन जन्मत नाहीत, कडेला टेकून बसलेल्या असतात त्या धावपळीने मुख्य रस्त्यावर येतात, आणि थोड्या वेळाने परत आपापल्या जागी जातात. रस्त्यावर शिपाई जास्त दिसले म्हणून गावात चोर कमी झाले, असं होत नाही. चूक माझी आहे. दुसऱ्यांदा रक्त देण्याआधी अर्धा तास शांत बसायला हवं, हे मी तुला सांगायला विसरलो.

तरी पैज आकड्याची होती आणि आकडा वाढला. म्हणून मिशी काढली. फोटो सोबत आहेत. आरशात रोज सकाळी कोणीतरी परका माणूस माझा ब्रश वापरताना दिसतो. तुझी वहिनी म्हणाली, “हे असं होतं होय खाली?” आणि दोन दिवस मान वर करून बघेना.

आता एक कर. एखाद्या दिवशी खाली रक्त दे, तीन मजले चढ, मणकेवाल्यांच्या दाराला हात लावून पळत खाली ये आणि पुन्हा दे. कट्ट न करता. काय येतं ते कळव. आणि सुई घे.

तुझा, ओठ उघडे पडलेला,
भिंगोबा

१५ नोव्हेंबर

भिंगोबा,

फोटो मिळाले. लहानपणी तू आईच्या पावडरीच्या डब्यात तोंड घालून बाहेर आला होतास, अगदी तसा दिसतोस. बाजूचा फोटो आरशाला अडकवला आहे. दिवसाची सुरुवात बरी होते.

तुझ्या त्या जिना-प्रयोगाला सध्या वेळ नाही. मणकेवाल्यांकडे अचानक गर्दी वाढली आहे. त्यांना वेळेच्या नोंदी ठेवता येत नाहीत, एकाच वेळी तिघांना बोलावतात आणि मग तिघांचीही माफी मागत बसतात. म्हणून सकाळी दोन तास मी बाहेरच्या टेबलाशी बसते. फुकट बसते, उगाच भुवया उंचावू नकोस. ते विधुर आहेत आणि चहा भिकार करतात, एवढंच मला माहीत आहे.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या टायपिस्टबाईसुद्धा आता येतात. सत्तरीच्या आहेत, छाती नाजूक, पण बोलण्यात पटाईत. आम्ही दोघी मिळून रोग्यांना हसवतो, निम्मा उपचार तिथेच होतो.

अक्षर मधे मधे फुटलेलं दिसेल. खिडकीतून पाणी उडालं.

तुझी,
ताई

२० नोव्हेंबर

आदरणीय महोदय,

आपली ओळख नाही, तरी आपल्या भगिनींकडून आपल्याविषयी इतके ऐकले आहे की आपण लहानपणी कोणत्या झाडावरून पडलात तेही मला ठाऊक आहे. मणक्यांवर उपचार करणारा तो मीच.

आपण रक्ततज्ज्ञ असूनही मोकळ्या मनाने दिलेल्या अभिप्रायाबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र. अहवालाखाली आपल्या हस्ताक्षरातला तो मजकूर लावून आम्ही सुंदर चौकट केली आहे व ती दर्शनी भिंतीवर टांगली आहे. “मणक्यांवर उपचार झाल्यानंतर तुझ्या पांढऱ्या पेशी वाढल्या, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, आकडा अगदी चोख आहे.” येणारा प्रत्येक जण आधी ती वाचतो. मी स्वतःही रोज वाचतो. माझ्या गुरूंनी ही गोष्ट मला शिकवली होती, पण तिला असा लेखी आधार मिळेल असे कधी वाटले नव्हते.

आपल्या भगिनींना हल्ली सर्दीचा थोडा त्रास आहे. काळजी नसावी, मी रोज पाठ पाहतो आहे.

आपला नम्र,
मणकेवाला
(त्या मला असेच म्हणतात, आता मीही म्हणतो)

२६ नोव्हेंबर

ताई!

खिडकीतून पाणी उडालं काय? नाकातून म्हण!

तुझ्या मणकेवाल्यांचं पत्र आलं. बिचाऱ्याने माझे आभार मानलेत. माझं वाक्य तू कात्रीने कापलंस आणि त्याच्याखालचं ‘पण’ ठेवून घेतलंस. तू! लेखकाचा एक अनुस्वार पडला तर रात्रभर तळमळणारी बाई! दुसऱ्याच्या पुस्तकातला स्वल्पविराम हलला तर मालकाशी भांडायचीस, आणि सख्ख्या भावाचा अख्खा परिच्छेद गिळलास. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्यांनीही निदान अक्षर तरी जागेवर ठेवलं होतं.

तळमजल्यावरच्या माझ्या सहकाऱ्याने फोन करून विचारलं, “अरे, खाली शिक्का आमचा आहे, भिंतीवर नाव तुझं आहे, हे चाललंय काय?” मिशी असती तर निदान पीळ तरी दिला असता.

गंमत आपल्या दोघांत होती तोवर ठीक. भिंतीवर टांगलेली गंमत लोक खरी मानतात. चौकट उतरव. आजच.

भिंगोबा

३० डिसेंबर

भिंगोबा,

महिनाभर लिहिलं नाही. तू तीन पत्रं पाठवलीस, तिन्ही उघडली नाहीत. आज उघडली. तू काय लिहिलं असशील ते ठाऊक होतं म्हणून उघडत नव्हते.

टायपिस्टबाई रुग्णालयात होत्या. आधी फ्लू झाला, मग छातीत उतरला. न्यूमोनिया. अकरा दिवस, त्यातले चार नाकाला नळी लावून. आता धोका टळला आहे, पण तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ निळे पडले होते आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

नळी निघाली त्या दिवशी मी उशाशी बसले होते. त्या म्हणाल्या, “मी दरवर्षी सुई घ्यायचे हो. यंदा नाही घेतली.”

“का?” मी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

“तुमच्या भावाचं वाचलं ना भिंतीवर. म्हटलं, एवढा जाणता माणूस सांगतोय तर कशाला टोचून घ्यायचं?” आणि मग मलाच समजावू लागल्या, की मी अशी का रडतेय, त्या तर बऱ्या आहेत.

सुई घेतली असती तर हे टळलंच असतं, असं छातीठोक कोणी सांगत नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. पण टळलं असतं कदाचित. त्या ‘कदाचित’वर मी कात्री चालवली होती, भिंगोबा.

तिथून थेट लॉन्ड्रीच्या इमारतीत गेले. मणकेवाले दिवे मालवत होते. मी चौकट खाली काढली आणि टेबलावर उलटी ठेवली. म्हटलं, “ह्याच्या खाली आणखी मजकूर होता.”

“कुठे आहे?”

“माझ्या चष्म्याच्या डबीत.”

कापून ठेवलेली पट्टी काढून दिली. त्यांनी उभ्याने वाचली, मग खुर्चीत बसून वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “शिपायांचं छान लिहिलंय त्यांनी.” आणि मग म्हणाले, “उद्या सकाळी तुम्ही चढा. मीही चढतो.”

तर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तळमजल्यावर रक्त दिलं, तीन मजले चढलो, दाराला हात लावला आणि पळत खाली आलो. कट्ट नाही, काही नाही. माझा आकडा सहा हजार सहाशेवरून आठ हजार सातशे. त्यांचा सात हजारांवरून साडेनऊ हजार. मग तू अर्धाच तास सांगितला होतास, तरी खात्रीसाठी अख्खा तास बाकावर बसून राहिलो आणि तिसऱ्यांदा दिलं. दोघांचेही आकडे मुकाट घरी परतले होते.

त्या तासात त्यांनी मला विचारलं, “मग मी तीस वर्षं केलं ते काय?”

मी म्हटलं, “माझी मान सुटली की नाही?”

“सुटली.”

“मग ते केलंत. तेवढंच सांगा. तेवढंही पुष्कळ आहे.”

चौकट परत भिंतीवर लावली आहे, पण आता तुझं पत्र पूर्ण आहे, ‘पण’पासून शेवटपर्यंत. त्याखाली माझ्या हातचं शुद्धिपत्र: ‘वरील मजकुराचा उत्तरार्ध माझ्याकडून मुद्दाम गाळला गेला होता. मणक्याच्या उपचाराने मान व पाठ सुटते. सर्दी, फ्लू टळत नाही. सुई घ्यावी.’ खाली पूर्ण सही. चौतीस वर्षं दुसऱ्यांची शुद्धिपत्रं तपासली, स्वतःचं पहिल्यांदाच लिहिलं. गर्दी निम्मी झाली आहे. जे राहिले ते पाठ धरूनच येतात.

टायपिस्टबाईंनाही सगळं सांगितलं. कात्रीसकट. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “सूप बेचव आहे, उद्या मीठ जास्त घाला.” तेव्हा मी परत श्वास घेतला.

मला सर्दी तीनदा झाली. तुला कळवलं नाही.

तुझी,
ताई

८ जानेवारी

ताई,

पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘चष्म्याच्या डबीत’ला ती हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

सगळं पाप एकटीच्या पदरात घेऊ नकोस, तुला सवय आहे मोठा वाटा घ्यायची. बसून रक्त द्यायचं हे मी विसरलो होतो, तीस वर्षांचा जाणता माणूस! आणि ते ‘तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो’ लिहायची काय गरज होती? आकडा काय अनुभवाने वाढतो? शेखी मिरवायची होती. तू फक्त माझी शेखी कापून चौकटीत लावलीस.

आता एक कबुली. नोव्हेंबरात तुझ्यावर आगपाखड करत होतो, तेव्हा माझी कंबर धरली होती. भिंगावर वाकून वाकून. तुझ्या वहिनीला न सांगता इथल्या एका मणकेवाल्याकडे गेलो. टोपी घालून गेलो, कोणी ओळखू नये म्हणून. मिशी नसल्याने तसंही कोणी ओळखलं नसतं. कट्ट झालं. ताई, काय सांगू, बुटाची नाडी स्वतः बांधली! आठवडाभर कंबर लोण्यासारखी होती. आणि तिसऱ्या दिवशी अशी सर्दी झाली की दारामागे लपून शिंकावं लागलं.

टायपिस्टबाईंना माझा नमस्कार सांग आणि माफीही. सर्वांनी सुई घ्या. अजून उशीर झालेला नाही, हिवाळा बराच बाकी आहे.

तुझा,
भिंगोबा

२७ जानेवारी

भिंगोबा,

टायपिस्टबाई घरी आल्या. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबल्या आणि प्रत्येक वळणावर मला एकेक टोमणा मारला. सत्कार झाल्यासारखं वाटलं.

काल आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्यांना आता चालेल म्हणून सांगितलं होतं. त्यांनी सुई घेतली, नर्सला म्हणाल्या, “एवढीच?” मग मी घेतली. तुझ्या सतरा वर्षांच्या पत्रांना यश आलं, पाठ थोपटून घे, आता कंबरही वळते म्हणतोस.

मग मणकेवाल्यांचं नाव पुकारलं. ते उठले आणि परत बसले. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाले, “मला सुईची भीती वाटते.”

“आपण रक्त दिलं होतं ना? तीनदा!”

“तेव्हा तुमच्याकडे बघत होतो.”

टायपिस्टबाई खोकल्या. तो खोकला आजाराचा नव्हता.

मी आत गेले. हजारो माणसांच्या माना वळवलेला तो माणूस स्टुलावर डोळे मिटून बसला होता. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “श्वास सोडा.” त्यांनी सोडला. नर्सने टोचलं, कापूस लावला, नोंद केली, पुढच्या रोग्याला बोलावलं. पुढचा रोगी दारात येऊन उभा राहिला.

भिंगोबा, त्यांनी हात सोडला नव्हता. मीही आठवण करून दिली नाही.

तुझी,
ताई